चार्ज उभ्यानं द्यायचा

"घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला ठेवायची?" थोरल्याने विचारलं, आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली सगळी माणसं धाकटीकडे बघू लागली.

प्रश्न नवा नव्हता. धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तो विचारला जात होता. कुणाला ताप आला, कुणाचे टाके पिकले, शेजारच्या म्हाताऱ्याची लघवी अडली, की घरात नर्स असतेच. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता, आणि धाकटीने तेव्हा पीएचडीचे कागद गुंडाळून माळ्यावर टाकले होते. आज ती इस्त्रीचे कपडे घालून उभी होती, हातात प्रबंधाची जाडजूड प्रत होती आणि दुपारी विद्यापीठात तिची तोंडी परीक्षा होती. परीक्षा खुली होती, म्हणजे कुणीही येऊन बसावं आणि ऐकावं. घरच्यांपैकी कुणी येईल अशी तिची अपेक्षा नव्हती. आपल्याला जाऊ द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सासूबाई परवा बाथरूममध्ये घसरल्या आणि काल त्यांच्या खुब्यात सळई बसवली. वेळ कुणाला विचारून येत नाही हे खरं, पण यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती.

"मी घेतो ना चार्ज," धाकटा, तिचा नवरा, म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आज रजा टाकून आला होता. "मी बसतो आईपाशी."

"तू? तुला काय, आईला वर-खाली करायचंय?"

"तुला तरी कुठं येतं? तू विम्याचे दावे तपासतोस."

"म्हणूनच सांगतोय. जोखीम म्हणजे काय ते मला कळतं."

थोरल्याच्या हातातल्या फोनमधून नणंदेचा आवाज आला. ती दूरच्या गावी असायची आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "दादा, आईला बाईमाणूसच हवं. वहिनी, परीक्षा पुढं ढकल ना गं थोडी! आई काय दोनदा मिळते?"

"परीक्षाही दोनदा मिळत नाही," धाकटी शांतपणे म्हणाली. गेली दहा-बारा वर्षं वॉर्डात आणि वर्गात उभं राहून तिने हा आवाज कमावला होता. "मुदतवाढ एकदाच देतात. माझी बाबांच्या आजारपणात वापरून झाली. आज गेले नाही तर नोंदणी रद्द. केलेलं सगळं पाण्यात."

 

"नियम आईचाच आहे," थोरला अखेर म्हणाला. "चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. मग दे चार्ज. पण घेणारा असा दाखव, ज्याला त्यातलं कळतं."

या नियमापुढे घरात कुणाचं चालत नसे. सासूबाई याच हॉस्पिटलच्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर हॉस्पिटलने त्यांना सोडलं, पण त्यांनी मेट्रनपण सोडलं नाही, आणि घरीदारी सगळे त्यांना मेट्रनच म्हणत राहिले. पाळी संपली की पुढच्या पाळीला रुग्णाची खडान्‌खडा माहिती द्यायची याला वॉर्डात चार्ज देणं म्हणतात, आणि मेट्रनच्या राज्यात तो उभ्याने द्यावा लागे. "बसून सांगितलेलं निम्मं विसरतं," त्या म्हणत. सासऱ्यांच्या आजारपणात हा नियम घरातही लागू झाला. मुलगे एकमेकांसमोर ताठ उभे राहून सांगत, "बाबा जेवले, झोपले, मला एकदा गाढव म्हणाले." एकदा थोरला चार्ज न देताच ऑफिसला निघाला होता, तर मेट्रनने त्याला बसमधून उतरवून परत आणलं होतं. तोच थोरला आज तो नियम ढालीसारखा पुढे धरून उभा होता.

त्याला दुष्ट म्हणायचं कारण नाही. आई पडली तेव्हा घरात तो एकटाच होता आणि हाड मोडल्याचा आवाज त्याच्या कानातून अजून गेला नव्हता. घाबरलेला माणूस आवाज चढवतो, तसा त्याने चढवला होता.

थोरली जाऊ खिडकीपाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

तिचं युनिफॉर्म शिवायचं दुकान होतं. या हॉस्पिटलातल्या निम्म्या नर्सांच्या अंगावर तिचीच शिलाई होती. कात्रीचा खिसा कुठे असावा, वाकल्यावर पाठीत कुठे ताण येतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण घरात कुणी आजारी पडलं की तिला हमखास एकच वाक्य ऐकायला मिळे, "तू राहू दे, तुला त्यातलं कळत नाही." सासू नर्स, जाऊ नर्स, सासूची आई तर सुईण. एवढ्या सगळ्यांत हिने पाण्याचा पेला पुढे केला तरी आधी कुणीतरी पाणी कोमट आहे का बघत असे. हे सगळं तिने मनात साठवलं होतं. धाकटीचा अभ्यास सुरू झाल्यापासून घरातली कामं हिच्यावर पडली, तेव्हा ती कुरकुरलीही होती. या वयात कसली पुस्तकं घोकायची, पदव्या काय फोडणीला घालायच्या आहेत, असं ती धाकटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली होती.

आज धाकटीची कोंडी झालेली बघून मनाला बरं वाटायला हवं होतं. ते वाटेना. धाकटीच्या बाहीची शिवण एका जागी उसवली होती आणि एक दोरा लोंबत होता. सकाळी घाईत कुठेतरी अडकलं असणार. थोरली पुढे झाली, तिने तो दोरा दातांनी तोडला आणि पर्समधून सुई काढून उभ्या उभ्याच चार टाके घातले.

"ताई..." धाकटी म्हणाली.

"हलू नकोस, टोचेल." मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी घेते चार्ज."

"तुला काय कळतं त्यातलं?" थोरला म्हणाला.

"शिकवलं तर कळेल. तुम्ही तर न शिकताच बोलताय."

धाकटा खो खो हसला आणि फोनमधून नणंद "काय झालं? काय झालं?" करत राहिली. थोरला मात्र काही हसला नाही. त्याने खोलीच्या दाराकडे बघितलं. ते पूर्ण लागलेलं नव्हतं.

आत मेट्रन डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

या मजल्यावरची दारं आपटू नयेत म्हणून त्यांच्या स्प्रिंगा सैल करायला त्यांनीच लावल्या होत्या. त्यामुळे दार कधीच धड लागत नसे. आपण पेरलं तेच उगवलं, असं त्या मनाशी म्हणाल्या. पाय ठणकत होता. सकाळी व्यायाम करून घेणारा तरुण त्यांना उभं करायला आला, तेव्हा त्यांनी त्याला "उद्या" म्हणून वाटेला लावलं होतं. स्वतःच्या वॉर्डात हेच उत्तर देणाऱ्या रुग्णांना त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती.

पण पायापेक्षा त्यांना दुसरंच काही लागलं होतं. दोन दिवस त्या ऐकत होत्या, "तिला शुगर आहे का? ती जेवली का? तिला ऐकू येतं ना नीट?" डॉक्टरांनी थोरल्याला विचारलं, थोरल्याने धाकट्याला, धाकट्याने सिस्टरला. पलंगावर पडलेल्या बाईला कुणी काही विचारलं नाही. ज्या मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून माणसं खुर्चीतून उठायची, त्याच मजल्यावर त्या आता 'तिला' झाल्या होत्या. त्याची त्यांना मनापासून चीड आली होती.

आणि चीड आली की धाकटीचा प्रबंध आठवे. पाळी बदलताना चार्ज बंद खोलीत न देता रुग्णाच्या उशाशी, त्याच्या देखत द्यावा, म्हणजे चुका कमी होतात, हे धाकटीने वर्षानुवर्षं वॉर्डावॉर्डांतून माहिती गोळा करून सिद्ध केलं होतं, आणि या मजल्यावर ती पद्धत सुरूही झाली होती. विषय पहिल्यांदा कळला तेव्हा मेट्रन जेवता जेवता उठल्या होत्या. त्यांनी जन्मभर चार्ज आपल्या खोलीत, दार लावून घेतला होता. रोग्याच्या कानावर चांगलंच पडावं, ही त्यांच्या आईची शिकवण. आई अंगठेबहाद्दर सुईण होती, पण तिच्या हातून बाळ-बाळंतीण सुखरूप सुटायची. "म्हणजे मी आयुष्यभर चुकले म्हण की," मेट्रन तेव्हा म्हणाल्या होत्या. धाकटीने "तसं नाही, आई" म्हणून समजवायचा प्रयत्न केला, पण तो विषय दोघींमध्ये पुन्हा कधी निघाला नाही. पुढे धाकटीने प्रबंधाची एक प्रत त्यांच्या उशाशी ठेवली. मेट्रनने ती खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत लावली, असं सगळ्यांना वाटत होतं. सगळे कामाला गेले की त्या ती फटीतून काढून भिंग लावून वाचत, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पाळी बदलायची वेळ झाली. दोन सिस्टर आत आल्या. चष्मेवाली जाणारी होती, उंच होती ती येणारी. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि मेट्रन मनातल्या मनात म्हणाल्या, झालं, आल्या धाकटीचे पाठ म्हणून दाखवायला.

"खुब्याचं ऑपरेशन, काल," चष्मेवाली म्हणाली. "रात्री झोप कमी. सकाळी उभं राहायला नकार. थोडा ताप आहे, म्हणून डॉक्टरांनी राउंडला नवीन अँटिबायोटिक लिहिलंय, पेनिसिलीनच्या जातीतलं. पहिलं इंजेक्शन आता द्यायचंय, ट्रे तयार आहे. औषधांची अ‍ॅलर्जी नाही."

"नाही म्हणून कुणी सांगितलं?"

"मुलानं. कागदावर तसंच आहे."

उंच सिस्टर मेट्रनकडे वळली. ती वाकली, म्हणजे तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. "मॅडम, तुम्ही ऐकलंत सगळं. आमच्याकडून काही राहिलं का?"

हे वाक्य धाकटीचं होतं. प्रत्येक चार्जच्या शेवटी रुग्णाला हेच विचारायचं, असं तिने प्रबंधात ठणकावून लिहिलं होतं. रुग्ण बहुतेक वेळा "नाही" म्हणतात हेही लिहिलं होतं. मेट्रनच्या ओठांवरही "नाही" आलंच होतं. मग त्यांची नजर ट्रेवर गेली.

"राहिलं," त्या म्हणाल्या. "पेनिसिलीन मला चालत नाही."

चष्मेवालीने ट्रेवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"नवी होते तेव्हा. इंजेक्शनच्या खोलीत बाटल्या फोडून औषध कालवायचं काम असायचं. एकदा घसा सुजला, श्वास लागला. वरच्या सिस्टरनं वाचवलं. मी कुणाला बोलले नाही, बोलले असते तर त्या कामावरून काढलं असतं. मग पुढं कधी विषय आला नाही. पोरांनाही माहीत नाही."

"पण घरच्यांनी तर काही सांगितलं नाही..." चष्मेवाली म्हणाली.

"घरच्यांनी सांगितलंच की. सगळ्यांनी सांगितलं. मला सोडून सगळ्यांना विचारलं तुम्ही."

उंच सिस्टरने ट्रे उचलून बाहेर नेला आणि डॉक्टरांना फोन लावला. चष्मेवालीने ड्रॉवरमधून लाल पट्टी काढून मेट्रनच्या मनगटावर बांधली आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. लिहिलेलं तिने पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. मेट्रन तिला म्हणाल्या, "घाबरू नकोस. दोघींनी विचारलंत ते बरं केलंत," आणि हे बोलून स्वतःच चपापल्या.

अर्धवट लागलेल्या दारातून बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. दार उघडून सगळे आत आले. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी दादांना विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी, इथंच दाराबाहेर. अ‍ॅलर्जीचं सांगितलंत ना, म्हणून. ते हो म्हणाले. तुम्हाला विचारलं नाही, आई. तुम्ही आत होतात, जाग्या होतात. मी दहा पावलं आत आले नाही."

"पानोपानी लिहिलंस," मेट्रन म्हणाल्या, "आणि दारात विसरलीस."

"हो."

धाकटीने प्रबंध टेबलावर ठेवला आणि ती स्टुलावर बसली. "मी नाही जात. कुठल्या तोंडानं जाऊ? जगाला सांगायचं रुग्णाला विचारा, आणि घरच्या रुग्णाला..."

थोरल्याला हवं होतं तेच झालं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. पण त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. तो आईच्या मनगटावरच्या लाल पट्टीकडे बघत होता.

"ऊठ," मेट्रन म्हणाल्या.

"आई..."

"बसून चार्ज देतात का? ऊठ. ह्याच तोंडानं जायचं, आणि हेही तिथं सांगायचं. तुझी वही काय म्हणते? रुग्णाच्या देखत. दे चार्ज."

"पण घेणार कोण?" थोरला म्हणाला.

"मी."

"आई, पेशंट स्वतःचा चार्ज कसा घेईल?"

"का? शुद्धीवर आहे, ऐकू येतं, तोंड आहे. माझा चार्ज मी घेते. हाताखाली ही." त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "कॉरिडॉरमध्ये एवढीच कामाचं बोलली. धाकट्या, तू उचल-ठेव कर. आणि तू," त्या थोरल्याला म्हणाल्या, "गाडी काढ. हिला वेळेवर पोचव आणि शेवटपर्यंत बस."

"मी तिथं बसून काय करू?"

"ऐक. जमतं का बघ."

धाकटी उठली. ती पलंगाच्या कडेला ताठ उभी राहिली आणि तिने आपल्या सासूला चार्ज दिला. ऑपरेशन, ताप, बदललेलं औषध, दुखण्याची गोळी, टाचेखालची उशी, काही सोडलं नाही. शेवटी तिने विचारलं, "माझ्याकडून काही राहिलं का?"

"राहिलं. नखं दाखव."

धाकटीने हात पुढे केले. मेट्रनने ते उलटसुलट बघितले, जसे कधीकाळी रोज सकाळी रांगेतल्या सगळ्या मुलींचे बघत असत. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जा."

 वाटेत सिग्नलला थांबल्यावर थोरल्याने एसीचा वारा धाकटीच्या बाजूला वळवला, एवढंच.

विद्यापीठातली खोली त्याला वाटली होती तशी भव्य वगैरे नव्हती. लांब टेबल, पडदा, मागे खुर्च्यांच्या चार रांगा. पुढच्या रांगांत धाकटीच्या विद्यार्थिनी दाटीवाटीने बसल्या होत्या. थोरला सगळ्यात मागे बसला. पहिला अर्धा वेळ त्याला आकड्यांतलं थोडं कळलं, बाकीचं डोक्यावरून गेलं. पण धाकटी कशी उभी आहे ते त्याला कळत होतं. घरात ताट वाढताना, बाबांची कूस बदलताना जी बाई त्याने पाहिली होती, तीच ही. तरी तिला इतका वेळ सलग कुणी ऐकून घेतंय असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला एक सांगा. रुग्णासमोर आपल्या चुका उघड्या पडतात. त्याचा आपल्यावरचा विश्वास उडणार नाही का? व्यवसायाची प्रतिष्ठा म्हणून काही असते."

"आज दुपारचं सांगते, मॅडम," धाकटी म्हणाली. "हे प्रबंधात नाही. एका वृद्ध रुग्ण बाईंना चालत नसलेलं औषध दिलं जाणार होतं. कागदावर अ‍ॅलर्जी नाही असं होतं, कारण नातेवाइकांनी तसं सांगितलं होतं. चार्ज बंद खोलीत झाला असता तर इंजेक्शन गेलं असतं. उशाशी झाला, शेवटचा प्रश्न विचारला गेला, आणि बाईंनी स्वतः सांगितलं. त्यांचा विश्वास उडाला नाही. मी ऐकलंय, त्यांनी सिस्टरला शाबासकी दिली."

"तुम्ही तिथं होतात?"

"त्या माझ्या सासूबाई आहेत. आणि मी स्वतः त्यांना विचारलं नव्हतं. दाराबाहेर नातेवाइकांना विचारून मोकळी झाले होते."

खोलीत चुळबुळ झाली. परीक्षक बाई पुढे झुकल्या. "म्हणजे तुमचं संशोधन तुमच्याच घरात हरलं म्हणायचं."

थोरल्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. इतकी वर्षं तो दाव्यांच्या फायलींत 'चूक कुणाची' एवढंच शोधत आला होता.

"नाही, मॅडम," धाकटी म्हणाली. "मी हरले. पद्धत जिंकली. मला विषय पाठ होता, तरी माझं माणूस आजारी पडल्यावर मी विसरले. माणूस विसरतो, म्हणूनच पद्धत लागते. नर्सच्या शिक्षणाचा अर्थ मला तरी एवढाच कळलाय. आपल्या हुशारीवर कमी विसंबायला शिकायचं."

परीक्षक बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

थोरला उभा राहिला. आपण उभे का राहिलो हे त्यालाही नीट कळलं नव्हतं.

"विचारायचं नाही. सांगायचंय," तो म्हणाला. "तो नातेवाईक मी. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी नाही म्हणालो. खरं उत्तर 'माहीत नाही' असं होतं. पण थोरल्या मुलाला आईचं माहीत नाही, हे चारचौघांत म्हणायची लाज वाटली. हिची चूक कमी, माझी जास्त. आणि... आज हिला इथं येऊ द्यायला मीच तयार नव्हतो. तेवढं लिहून घ्या कुठंतरी."

विद्यार्थिनी हसल्या. परीक्षक बाईही हसल्या, पहिल्यांदाच. "लिहून घेतलं," त्या म्हणाल्या.

समिती बाहेर गेली आणि फार वेळ न लावता परत आली. परीक्षक बाईंनी धाकटीचं स्वतःचं नाव घेतलं आणि त्याच्या आधी 'डॉक्टर' लावलं. टाळी पहिली मागच्या रांगेतून वाजली. पुढच्या मुली वळून बघेपर्यंत थोरला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. धाकटीला मुलींनी गराडा घातला. त्या गराड्यातून तिने मागे बघितलं आणि दिरापुढे वाकून हात जोडले. "हे काय, हे काय," म्हणत तो गाडी काढायला पळाला.

धाकट्याला फोनवर कळलं तेव्हा तो इतका जोरात ओरडला की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. त्याने त्यांनाही सांगितलं. नणंदेने फोनमधून "मी म्हणतच होते" असं सांगितलं आणि त्या दिवशी तिलाही सगळं माफ होतं.

सूर्य खिडकीच्या खाली उतरला तेव्हा धाकटी खोलीच्या दारात पोचली आणि तिथेच थांबली.

मेट्रन पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. समोर वॉकर होता, एका बाजूला सकाळचा तो व्यायामवाला तरुण, दुसऱ्या बाजूला धाकटा. थोरली गुडघ्यांवर बसून हॉस्पिटलच्या गाऊनची लांब किनार दुमडून टाचत होती, पायात येऊ नये म्हणून. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने भुवया उंचावूनच जावेचं अभिनंदन केलं.

"दुपारपासून माझ्या मागं लागल्यात," व्यायामवाला म्हणाला. "सकाळी मी विनवत होतो तेव्हा उद्या म्हणाल्या."

"सकाळी मला चार्ज द्यायचा नव्हता," मेट्रन म्हणाल्या. "सरा."

"आई, बसून द्या," धाकटी पुढे होत म्हणाली. "आजच्या दिवस..."

"तिथंच उभी राहा."

थोरली टाचण्या काढून बाजूला झाली. मेट्रनने वॉकरच्या दांड्या धरल्या. चेहरा वेदनेने आक्रसला, बोटांची पेरं पांढरी पडली, धाकट्याचा हात पाठीशी गेला पण त्याने तो टेकवला नाही. हळूहळू, थांबत थांबत, मेट्रन उठल्या. आणि मग त्या उभ्या होत्या, पूर्ण, जशा या मजल्यावर त्या इतकी वर्षं उभ्या राहत आल्या होत्या.

"रुग्ण स्त्री, म्हातारी, हट्टी," त्या म्हणाल्या. श्वास लागत होता, पण शब्द स्पष्ट होते. "खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ताप उतरतोय. औषध बदललं, जुळलं. पेनिसिलीन चालत नाही, ते आता सगळ्या गावाला माहीत आहे. सूप घेतलं. थोरल्या सुनेनं कूस बदलली, एकदाही दुखू दिलं नाही, तिला यापुढं या घरात कुणी काही कळत नाही असं म्हणायचं नाही. फोन आल्यावर रुग्ण रडली. दुखण्यानं नव्हे."

थोरलीने तोंड फिरवलं. दारात थोरला गाडीची किल्ली हातात धरून उभा होता.

"माझी आई सही करताना अंगठा उठवायची," मेट्रन म्हणाल्या. "मी सही करायला शिकले. तू पुस्तक लिहिलंस. मी ते वाचलंय, सगळं. दार लावून चार्ज घेण्यात माझं चुकत होतं." त्या थांबल्या. पाय थरथरायला लागले होते. "आमच्याकडून काही राहिलं का, डॉक्टर?"

 धाकटीने नुसती नाही म्हणून मान हलवली.

"आई, बसा आता," व्यायामवाला म्हणाला. "पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं."

"हिनं घेतला म्हणू दे."

धाकटी ताठ उभी राहिली. डोळे वाहत होते ते तिने वाहू दिले.

"चार्ज घेतला, आई."

मग मेट्रन बसल्या.